बरणीतला खळगा

शोभनाबाईंनी ब्रायडीचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

ब्रायडी मॅकगिन्ली कुंपणापलीकडे राहायची. सत्तरी ओलांडलेली, हनुवटी टोकदार, बोलणं त्याहून टोकदार. परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी द्यायला ती मागच्या दाराशी आली होती आणि निघताना सवयीनं तिनं हात पुढे केला होता. शोभनाबाईंना मुलाकडे आयर्लंडमधल्या लेटरकेनीत येऊन चार महिने झाले, तरी हे हात मिळवणं त्यांच्या अंगवळणी पडलं नव्हतं. लांबूनच नमस्कार करून त्या मोकळ्या होत. म्हणून आज त्यांनी आपणहून हात धरला तेव्हा नेत्राला, त्यांच्या सुनेला, क्षणभर बरंच वाटलं. मग सासूबाईंनी तो हात उलटा केला, दाराच्या उजेडाकडे ओढला आणि ब्रायडीची नखं एकेक करून तपासायला घेतली.

"आई, सोडा त्यांचा हात."

"थांब गं. विचार तिला, डोंगरावर औंदा काही नाय म्हणती, मग नखं कशानं भरली? तीन दिवसांचा रंग आहे हा. चौथ्या दिवशी कडेनं राखी पडतो."

नेत्राला यातलं एक अक्षरही भाषांतर करायचं नव्हतं. पण ब्रायडी स्वतःच आपल्या नखांकडे बघत होती, आणि तिला कळायचं ते कळलं होतं.

पंधराच दिवसांपूर्वी नेत्रानं तिला विचारलं होतं की डोंगरावरची ती काळी-निळी बेरी नेमकी कुठे मिळते. ब्रायडीनं मान हलवून सांगितलं होतं की मे महिन्यात दव गोठलं, फुलं जळली, यंदा डोंगर रिकामा आहे. नेत्रानं विश्वास ठेवला होता. एवढ्या म्हाताऱ्या बाईनं एवढ्याशा फळापायी खोटं बोलावं, हे तिच्या पुणेरी डोक्यात आलंच नव्हतं.

"तुझी सासू पोलिसात होती का?" ब्रायडीनं विचारलं.

"नाही. रंगाऱ्याची मुलगी आहे. कापड रंगवायचे त्यांच्याकडे."

"असं होय." ब्रायडीनं हात सोडवून घेतला आणि ॲप्रनला पुसला. "माझ्या आईच्या वेळेला ही बेरी पिंपं भरभरून रंगासाठीच जायची. इंग्लंडला. आम्ही पोरं सगळा ऑगस्ट वाकून असायचो. सांग तिला."

नेत्रानं सांगितलं. शोभनाबाईंनी ऐकून घेतलं आणि ओठ मुडपले.

"कच्चा रंग. दोन उन्हात उडून जातो. आमच्या दारात असला रंग उभा केला नसता आप्पांनी."

हे मात्र नेत्रानं स्वतःपाशीच ठेवलं.

"दुसऱ्या फाटकाच्या पुढे, उत्तरेच्या अंगाला," ब्रायडी वळता वळता म्हणाली. "एडका मोकळा असतो, सांभाळा. आणि जुलैच्या शेवटच्या रविवारच्या आधी तिथे कुणी तोडत नाही."

"तुम्ही तोडल्यात."

"मी इथली आहे," ब्रायडी म्हणाली आणि गेली.

नेत्रानं रुबार्ब सिंकमध्ये टाकला. खरं तर तिनं सासूबाईंचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी ती म्हणाली, "असं कुणाचं अंग धरायचं नसतं इथे, आई."

"मग बस रिकामी बरणी घेऊन," शोभनाबाई म्हणाल्या.

बरणीचा विषय असा होता. दर ऑगस्टात गावाबाहेरच्या मैदानावर शेतकी प्रदर्शन भरायचं. गाई, मेंढ्या, कोंबड्या, गाजरं, स्कोन नावाचे छोटे पाव, विणलेले स्वेटर, सगळ्यांच्या स्पर्धा. त्यातला क्लास त्रेचाळीस होता रानफळाचा जाम, एक बरणी. पहिल्या येणाऱ्याला लाल कार्ड मिळायचं, त्याचं नेत्राला काही नव्हतं. पण गावातलं हस्तकलेचं दुकान त्या विजेत्याचा जाम वर्षभर आपल्या फळीवर ठेवायचं, बनवणाऱ्याचं नाव घालून. नेत्रानं पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. केलं होतं. इथे आल्यावर एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली होती. दोन वर्षांपूर्वी, २००९ मध्ये, कारखान्याला टाळं लागलं, आणि तेव्हापासून ती डॉक्टर रुपेशची बायको होती. पोस्टमनसुद्धा पाकिटं तशीच आणायचा. एका तरी वस्तूवर आपलं स्वतःचं नाव असावं, मग ती चार इंची बरणी का असेना, एवढंच तिला हवं होतं. आणि ते किती हवंय हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हसू झालं असतं, असं तिला वाटायचं.

फळ एक, नावं मात्र गावागणिक. प्रदर्शनाच्या छापील पत्रकात फ्रॉहन. ब्रायडी ब्लेबेरी म्हणायची. रुपेशच्या वॉर्डमधली वॉटरफर्डची नर्स त्याला हर्ट्स म्हणायची आणि बाकी सगळी नावं चुकीची आहेत असं शपथेवर सांगायची. सुपरमार्केटात पोलंडहून आलेल्या बाटलीवर बिलबेरी लिहिलेलं असायचं. वाळवून ठेवलं तर जुलाबावर चालतं, पाल्याचा काढा साखरेच्या आजारावर, असंही ब्रायडीच्या तोंडून कधीतरी आलं होतं. शोभनाबाई त्याला नुसतं ‘ते काळं’ म्हणत.

जुलैच्या शेवटच्या रविवारी दोघी डोंगरावर गेल्या. रुपेशनं त्यांना दुसऱ्या फाटकाशी सोडलं आणि तो ड्यूटीवर गेला. वारा असा होता की बोललेलं समोरच्यापर्यंत पोचेना, आणि ते दोघींच्या सोयीचंच होतं.

झुडपं गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती. हेदरच्या जांभळ्या फुलांत बारीक पानांखाली फळ एकेकटं लपलेलं, वर निळसर भुकटी फासल्यासारखं. नेत्रा ऊबेच्या जाकिटात, हातात लाकडी फणी घेऊन. ती तिनं इंटरनेटवरून मागवली होती. शोभनाबाई साडीवर रुपेशचा जुना कोट चढवून, पायात मुलाचेच गमबूट.

"करवंदासारखंच आहे," नेत्रा म्हणाली.

"करवंदाला चीक असतो. याला कुठे आहे? आणि करवंद घोसात, हे एकटं. डोळे आहेत ना तुला?"

नेत्रानं फणी जोरात ओढली. फळांबरोबर मूठभर पाला आला.

"ते केस विंचरायचं बाजूला ठेव. झाड ओरबाडती नुसतं." शोभनाबाई खाली बसल्या. त्यांनी दोन बोटांत फळ धरलं, ओढलं नाही, नुसतं फिरवलं, आणि ते आपसूक तळहातात पडलं. मग दुसरं. मग तिसरं. बोटं झुडपातून अशी चालत होती की पान हलत नव्हतं. "गुरुनाथ असाच कुसुंब्याची फुलं तोडायचा. काट्यातून. एक ओरखडा नाय."

गुरुनाथ त्यांचा धाकटा भाऊ, त्यांच्याच गावात संगमनेरला असायचा. रंगाऱ्यांच्या त्या घरात रंगाच्या हौदात हात घालणारा शेवटचा माणूस तोच. त्याच्याबद्दल बोलताना शोभनाबाईंचा आवाज बदलायचा. घरात इतर कुणाच्या वाट्याला तो आवाज येत नसे.

"आयुष्यभर त्याची नखं निळी. लग्नातसुद्धा निळीच होती, नवरीच्या मावशीनं नाक मुरडलं होतं. मग हौद बुजवला. त्या दिवाळीला ओवाळायला बसले, बघते तर नखं पांढरी. मला कुणा परक्यालाच ओवाळल्यासारखं झालं."

त्या हे नेत्राला सांगत होत्या की झुडपाला, ते नेत्राला नीटसं कळलं नाही. तिनं डब्यात किती जमलं ते पाहिलं. तिचा डबा पाल्यानं भरला होता, सासूबाईंचा फळांनी.

वरच्या अंगाला ब्रायडी होती, दोन भाच्यांना घेऊन. तिनं यांना पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मग ती एका सपाट दगडापाशी गेली, डब्यातली पहिली मूठ त्यावर ठेवली आणि वळूनही न बघता खाली उतरू लागली.

"काय करती ती?"

"जुनी रीत असेल काहीतरी. पहिली मूठ डोंगरावर सोडतात."

"हं," शोभनाबाई म्हणाल्या. ब्रायडीबद्दल त्यांच्या तोंडून आजवर निघालेला हा सगळ्यात बरा शब्द होता.

त्या संध्याकाळी त्यांनी कॉलिंग कार्डावरून गुरुनाथला फोन लावला आणि वीस मिनिटं त्या काळ्याचं वर्णन केलं. तुरटीत काय होतं, लोखंडाच्या भांड्यात काय होतं, असं तो विचारत असावा, कारण त्या म्हणत होत्या, "अरे बघते ना, बघून सांगते. पुढच्या रविवारी सांगते."

भांडण झालं ते बुधवारी. निमित्त वेलचीचं.

"मुरांब्याला वेलची लागतेच," शोभनाबाई म्हणाल्या.

"हा मुरांबा नाहीये. जाम आहे. नियमात नुसतं फळ आणि साखर लिहिलंय."

"नियम कुणी केलेत? त्या हनुवटीनंच ना?"

"आई, प्लीज. हे एक तरी मला माझ्या पद्धतीनं करू द्या. तुम्ही सारखा हात घालता. आठ वर्षं झाली लग्नाला, माझ्या हातचा पदार्थ तुम्ही कधी पूर्ण माझा राहू दिला नाही. सुट्टीला आम्ही संगमनेरला आलो की तेच, आता इथेही तेच."

शोभनाबाईंनी वेलचीची डबी होती तिथे ठेवली. डबीचं झाकण मात्र जरा जोरात लागलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाय घालत हात."

गुरुवारी सकाळी नेत्रा साखर आणायला गावात गेली होती. ती परतली तर रुपेश रात्रपाळीहून आलेला, आईच्या खोलीच्या दाराशी उभा. नेत्राला बघून तो बाजूला झाला. शोभनाबाई खाटेवर बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून.

"तीन दिवस पूजा तू कर," त्या न वळता म्हणाल्या. "दिवा, नैवेद्य, सगळं. माझं अंग ठीक नाय."

"ताप आहे?"

"नाय."

नेत्रानं रुपेशकडे पाहिलं. रुपेशनं खांदे उडवल्यासारखं केलं आणि झोपायला गेला. म्हणजे रुसवा, असं नेत्रानं ठरवलं. वेलचीवरून तीन दिवसांचा रुसवा. सासूबाईंच्या हिशेबानं हा स्वस्तातलाच होता. तिला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर तिला हलकं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच स्वयंपाकघर तिचं एकटीचं होतं.

दुपारभर तिनं जाम केला. फळ मंद आचेवर सोडलं, साखर उन्हात ठेवल्यासारखी ओव्हनमध्ये कोमट करून घातली, फ्रीजरमधल्या थंड बशीवर थेंब टाकून सुरकुती पडते का ते बघितलं. प्रयोगशाळेतला जुना नीटनेटकेपणा हातात परत आला. तीन बरण्या झाल्या, अगदी गळ्यापर्यंत, आणि पातेलं चाटूनपुसून रिकामं. झाकण एकतर कढत असताना लावायचं, नाहीतर पार निवल्यावर, मधल्या वेळी नाही, हे तिनं वाचलं होतं. तिनं निवू द्यायचं ठरवलं आणि वर मलमलचं फडकं टाकलं. शोभनाबाई मागच्या अंगणातल्या बाकावर बसून राहिल्या. एकदा पाणी प्यायला आत आल्या, पातेल्याकडे पाहिलं नाही, ओट्याकडे फिरकल्या नाहीत, पेला घेऊन गेल्या. केवढा हट्ट, नेत्राला वाटलं.

देव ओट्यावरच्या कपाटात होते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि नेत्राच्याही तोंडी आता तेच बसलं होतं. सहा वाजता तिनं प्रेस उघडला, दिवा लावला, चांदीची वाटी पुढे केली, हात जोडले. मनात सगळा वेळ क्लास त्रेचाळीसची कलमं चालू होती: बरणी साधी काचेची, दोनशे वीस ग्रॅमच्या वर, झाकणावर छापील मजकूर नको, काठोकाठ भरलेली. तेवढ्यात रुपेश उठून खाली आला.

"ही झाकणं लावून दे ना," ती म्हणाली. "माझ्यानं घट्ट बसत नाहीत."

रुपेशनं चहाची वाट बघत, खिडकीबाहेर आईकडे नजर ठेवून, तिन्ही झाकणं आवळली.

शुक्रवारी बरण्यांतली सगळ्यात चकचकीत बरणी निवडणं, लेबल चार वेळा लिहिणं आणि रात्री आठच्या आत ती प्रदर्शनाच्या मैदानावर पोचवणं, यात नेत्राचा दिवस गेला. दिवा लावायचा राहिला. आठवलं तेव्हा ती गाडीत होती.

शनिवारी पाऊस होता, पण प्रदर्शनाला त्याचं काही नव्हतं. तंबूत ओल्या गवताचा आणि रबरी बुटांचा वास. पांढऱ्या चादरी घातलेल्या लांब टेबलांवर बशा, वाट्या, बरण्या. क्लास त्रेचाळीसमध्ये सहा बरण्या होत्या. लाल कार्ड ब्रायडीच्या बरणीला टेकवलेलं होतं, सलग दहाव्या वर्षी. नेत्राच्या बरणीचं झाकण उघडून बाजूला ठेवलेलं होतं आणि कार्डावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: रंग उत्तम. चव उत्तम. बरणी भरलेली नाही, चमचा घातलेला आहे. बाद.

नेत्रा वाकली. जामच्या वरच्या थराला, अगदी काठाशी, एक खळगा होता. लहान चमच्याचा, स्वच्छ, गोलसर. झाकणाच्या पट्टीखाली तो बाहेरून दिसला नसता. थंड झालेल्या जामनं त्याचा आकार जसाच्या तसा धरून ठेवला होता.

"वाईट झालं," मागून ब्रायडी म्हणाली. तिच्या आवाजात फारसं वाईट काही नव्हतं. "परीक्षकबाई माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, नाहीतर ही पहिली होती."

नेत्रानं झाकण उचलून बरणीवर ठेवलं.

"पहिला घास कुणाला दिलास?" ब्रायडीनं विचारलं. "माझी आजी डोंगरावर ठेवायची. बरणीतून नाही. बरणी स्पर्धेला न्यायची असली तर आधी डोंगरावरच द्यायचं असतं."

नेत्रानं तिच्याकडे बघितलंच नाही. ती शोभनाबाईंकडे बघत होती. त्या तंबूच्या दाराशी रुपेशचा कोट पांघरून उभ्या होत्या आणि बाहेर पावसातल्या मेंढ्या बघत होत्या, जणू सगळ्या मैदानात बघण्यासारखं तेवढंच होतं.

गाडीत बसेपर्यंत तिनं धीर धरला. बरणी मांडीवर. रुपेशनं वायपर चालू केले.

"चाखलीत ना तुम्ही?" ती मागे न वळता म्हणाली.

मागच्या सीटवर शोभनाबाई पदरानं काच पुसत होत्या.

"बोलायचं नाही, जेवायचं नाही, स्वयंपाकघरात यायचं नाही, आणि मी पाठ फिरवली की चमचा घालायचा. सरळ सांगायचं होतंत, नेत्रा, मला तुझं काही चांगलं झालेलं बघवत नाही. मी समजून घेतलं असतं."

"नेत्रा," रुपेश म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस. दोन वर्षांत एक गोष्ट मागितली मी. एक. परीक्षकबाई पहिली म्हणत होत्या, रुपेश. पहिली."

"देवाच्या आधी मी चाखीन?" मागून शोभनाबाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "मी?"

"मग देवाला दाखवलात. तेच ते. पातेल्यात काही उरलं नाही म्हणून बरणीत घातलात चमचा. तुमचा देव थांबला असता हो शनिवारपर्यंत."

रुपेशनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. वायपर मात्र चालूच राहिले.

"आई देवाला शिवलेली नाही तीन दिवस," तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "गुरुनाथमामा गेला. बुधवारी रात्री. मला वॉर्डमध्ये फोन आला."

पाऊस टपावर वाजत होता. समोरून एक घोड्यांचा ट्रेलर गेला आणि काच चिखलानं भरली.

"मला का नाही सांगितलं?"

"आई नको म्हणाली. तिचा शनिवार होऊ दे म्हणाली."

"तसं नाय," शोभनाबाई म्हणाल्या. "उगी मला चांगली करू नको. मला हिच्यासमोर रडायचं नव्हतं. घरात जागा कुठे होती, सगळीकडं तिच्या बरण्या."

रुपेशनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

सहा वाजता नेत्रानं प्रेस उघडला. दिव्यातली वात जळून काळी झाली होती. देवांसमोर चांदीची वाटी होती, आणि वाटीत जाम. जेमतेम चमचाभर, वरून साय धरल्यासारखा सुकलेला, कडेला साखर फुललेली. चमचा वाटीतच होता. लग्नात तिच्याच आईनं दिलेला, मुठीवर कोयरी असलेला. सासूबाई तो कधी वापरत नसत. त्यांचा चमचा वेगळा होता.

गुरुवारची संध्याकाळ नेत्रानं परत परत आठवून पाहिली. दिवा आठवला, काडीपेटी आठवली, कलमं आठवली. चमचा आठवेना. हातांनी तो कधी उचलला, फडकं कधी सारलं, कधी घातला, त्यांनी तिला काही विचारलं नव्हतं. नवीन पदार्थ केला की पहिला देवाला. आठ वर्षं तिच्या कानावर हे पडत होतं, आणि आठ वर्षं ती मनातल्या मनात त्याला हसत आली होती.

तिनं वाटी उचलली, सिंकपाशी नेली, नळ सोडला. एका मिनिटाचं काम होतं. पाणी गरम होईपर्यंत तिनं वाट पाहिली. मग नळ बंद केला, वाटी पुसली नाही, धुतली नाही, होती तिथे नेऊन ठेवली. नवी वात घालून दिवा लावला.

रविवारी सकाळी शोभनाबाई डोक्यावरून अंघोळ करून आल्या. केस ओले, पाठीवर पंचा. नेत्रा चहा टाकत होती. तिनं वळून पाहिलं नाही. प्रेसचं दार उघडल्याचं तिनं ऐकलं, आणि मग काहीच ऐकू आलं नाही. चहाला उकळी आली. तिनं गॅस बारीक केला. तिला जे ऐकून घ्यायचं होतं, त्याची ती कालपासून तयारी करत होती. आठ वर्षांचं साठलेलं, व्याजासकट, आणि मध्ये बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

वाटीत चमचा खरवडल्याचा आवाज आला. मग पुन्हा खरवडल्याचा.

"प्रसाद आहे," शोभनाबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी खायचा असतो. राहिलेला टाकायचा नसतो, एवढंच."

नेत्रा वळली. वाटी रिकामी होती. सासूबाईंचे ओठ जांभळे झाले होते आणि डोळे लाल. ते केस धुतल्यानं असतील.

"वेलची हवी होती," त्या म्हणाल्या.

"हो," नेत्रा म्हणाली.

शोभनाबाईंनी वाटी ओट्यावर ठेवली. मग पुढे येऊन त्यांनी सुनेचा हात धरला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडाकडे नेला. गुरुवारचा रंग नखांच्या खोबणींत अजून होता. त्या एकेक नख बघत गेल्या, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, घाई न करता.

"कडेनं राखी पडला," त्या म्हणाल्या. "चौथा दिवस."

मागे चहा उतू जायला लागला. नेत्राला गॅस बंद करायचा होता, पण शोभनाबाईंनी हात सोडला नव्हता.